रिपोर्टातल्या तीन ओळी

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. दिवाळी जवळ आली की सोलापूर-धुळे महामार्गावरच्या गाड्या इथे थांबतात, पिशव्या भरून पुढे जातात. मी याच गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नोकरीत असतानाच डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, शेक सगळं पार पडलं आणि आज मी बरी आहे. पुढे माझ्या जावेला हाच आजार निघाला, त्यानंतर गल्लीतल्या एका तरुण मुलीला. आजाराचं नाव तिघींचं एक. औषधं मात्र वेगळी, खर्च वेगळा आणि डॉक्टरांनी घातलेली भीतीही वेगळी. असं का, याचा पाठपुरावा करताना जे समजलं ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. पण मला इंग्रजी रिपोर्ट वाचता येतो, आणि आसपासच्या गावांतल्या बायका फाईल घेऊन ओट्यावर येऊन बसतात, म्हणून लिहायचा अधिकार घेते.

१. स्टेज विचारा, पण तिथे थांबू नका

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, कितवी स्टेज हाय?" प्रश्न योग्यच आहे, पण अर्धा आहे. आजार किती पसरलाय एवढंच स्टेजवरून कळतं. तो कशावर पोसला जातो आणि कोणत्या औषधाला दबेल, हे कळायला आयएचसी नावाची तपासणी लागते. बायोप्सीच्या तुकड्याच्या अगदी पातळ चकत्या करून त्यावर विशिष्ट रंग चढवतात आणि कर्करोगाच्या पेशींत तीन रिसेप्टर आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इआर, पीआर आणि हर-टू. रिपोर्टाच्या तळाशी या तीन ओळी असतात.

आमच्या गावात हे समजावणं सोपं जातं. रिसेप्टर म्हणजे वात. आत दारू कितीही असली तरी ठिणगी लागते ती वातीला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही बाईच्या शरीरातली संप्रेरकं म्हणजे ठिणग्या. त्यांच्या वाती, म्हणजे इआर आणि पीआर, पेशीच्या आत केंद्रकात असतात. हर-टूची वात बाहेर, पेशीच्या पृष्ठभागावर. ती थोड्या संख्येने निरोगी पेशीवरही असते. हर-टू पॉझिटिव्ह कर्करोगात एकेका पेशीवर लाखोंनी उगवते आणि पेशी सुटल्यासारखी वाढते. कोणती वात आहे हे कळलं की तेवढीच झाकणारं औषध देता येतं. तिन्ही सापडल्या नाहीत तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात.

डॉक्टर उपचार ठरवायला बसतात तेव्हा स्टेजच्या जोडीला या तीन ओळी मागतात. त्या हातात नसताना कुणी केमोची तारीख देत असेल तर "आयएचसी झालं का?" एवढं विचारायला लाजू नये.

२. गाठ घाईने काढू देऊ नका

हा मुद्दा मी जरा ताणून सांगणार आहे, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

भावकीतल्या एका बाईला स्तनात सुपारीएवढी गाठ होती. जवळच्या एका छोट्या दवाखान्यात "भूल देऊन अर्ध्या तासात काढून टाकू" म्हणाले. काढली. नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवली. तपासायला पाठवायची का, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. वर्षभरात त्याच जागी परत गाठ आली, काखेतही आली. आता ती पहिली गाठ कुठून आणायची? तिच्यात इआर होतं की नव्हतं, कडा मोकळ्या होत्या की नव्हत्या, सगळंच गेलं.

बरोबर क्रम असा. आधी डॉक्टरांनी हाताने तपासायचं, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, मग जाड सुईने तुकडा काढायचा, त्याला कोअर बायोप्सी म्हणतात. नुसत्या बारीक सुईने पेशी ओढल्या तर कर्करोग आहे का याचा अंदाज येतो, पण रिसेप्टर नीट पाहायला तुकडा लागतो. "सुई लावली की कर्करोग पसरतो" ही भीती घरोघर आहे. तिच्यापायी बायका सुईला नाही म्हणतात आणि सुरीला हो म्हणतात, हे मला अजून कोड्यात टाकतं.

दुसरी गोष्ट बाटलीची. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये पडला पाहिजे, आणि त्यात तो किमान सहा आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहावा, असा जगभरातल्या प्रयोगशाळांचा दंडक आहे. फॉर्मेलिन तुकड्याच्या कित्येक पट हवं. तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवला, किंवा एवढीशी बाटली आणि त्यात कोंबलेली मोठी गाठ असं झालं, की आतला भाग कुजतो आणि रिसेप्टर असूनही रिपोर्टात 'नाही' येतं. अशा खोट्या 'नाही'मुळे बाईची पाच वर्षांची स्वस्त गोळी हुकते. गावाकडून नमुना एसटीने किंवा कुणाच्या तरी हाती पाठवतात, मध्ये रविवार येतो, सण येतो. म्हणून नमुना कधी निघाला आणि कधी पोचला हे घरच्या एका माणसाने लक्षात ठेवावं. जमलं तर जिथे उपचार घ्यायचे तिथेच बायोप्सी करावी. आमच्याकडून येरमाळ्यावरून बार्शीचं कर्करोग रुग्णालय फार लांब नाही.

३. आकडा वाचा

इआर एक टक्का पेशींत जरी दिसलं तरी ते पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' लिहितात. अशा गाठी पुष्कळदा निगेटिव्हच्या वळणाने जातात. नव्वद टक्के म्हणजे गोळीला चांगली साथ मिळण्याची आशा. काही ठिकाणी टक्क्यांऐवजी आठपैकी गुण देतात.

हर-टूचं गणित वेगळं. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे काहीच ठरलेलं नाही! त्यासाठी फिश नावाची पुढची तपासणी करतात. तिच्यात पेशीतल्या हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात. तिचे पैसे वेगळे आणि वेळही वेगळा, म्हणून लोक ती टाळतात आणि २+ ला मनानेच 'नाही' किंवा 'हो' करून टाकतात. माझ्या जावेचा रिपोर्ट २+ होता. फिश पॉझिटिव्ह आली. ती केली नसती तर तिच्या आजारावरचं नेमकं औषध तिला मिळालंच नसतं.

४. गोळी साधी दिसते म्हणून सोडू नका

माझं इआर पॉझिटिव्ह. केमो आणि शेक संपल्यावर मला टॅमॉक्सिफेन सुरू झाली. रोज एक, वीस मिलिग्रॅम. एवढ्या मोठ्या आजाराला एवढीशी स्वस्त गोळी, यावर घरात कुणाचा विश्वास बसेना.

या गोळीमागे लांबचा इतिहास आहे. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये लिहून ठेवलं की बीजकोश काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग काही बायकांत आक्रसतो. काहींतच का, हे साठ वर्षं कुणाला सांगता येईना. मधल्या काळात बायकांचे बीजकोश आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही काढल्या जात. साधारण तिघींपैकी एकीला गुण यायचा, उरलेल्या दोघींना नुसताच त्रास. शिकागो विद्यापीठात एल्वूड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरून दाखवलं की काही पेशींत ते पकडून ठेवणारं प्रथिन असतं. तोच इआर. ज्या गाठीत तो असतो तिथेच संप्रेरक तोडण्याचा उपयोग होतो. त्या एका शोधाने किती बायकांची नाहक ऑपरेशनं वाचली असतील! टॅमॉक्सिफेनला अमेरिकेत १९७७ मध्ये मान्यता मिळाली. इआर पॉझिटिव्ह बायकांनी ती पाच वर्षं घेतली तर या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असं हजारो बायकांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. काहींना दहा वर्षं घ्यायला सांगतात, त्याचाही फायदा सिद्ध झाला आहे.

बायका ती का सोडतात? अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, पाळी बिघडते. ज्यांची पाळी गेली आहे त्यांना लेट्रोझोलसारखी दुसरी गोळी देतात, तिने सांधे धरतात आणि हाडं ठिसूळ होतात. त्रास खरा आहे, तो डॉक्टरांना सांगायचा असतो. गोळी बदलता येते. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी दाखवायचं.

पण त्रासाशिवायचीही कारणं असतात. गाठ गेली, केस आले, आता गोळी कशाला, हे पहिलं. दुसरं उपवासाचं. नवरात्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीचे कडक उपवास धरणाऱ्या कितीतरी बायका नऊ दिवस गोळ्याही बंद ठेवतात. मी त्यांना सांगते, घोटभर पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने आई रागावत नाही. माझं ऐकतात, डॉक्टरांचं ऐकत नव्हत्या.

५. वाईट खूण कायम वाईट राहत नाही

जावेला हर-टू पॉझिटिव्ह निघाला तेव्हा आमच्या एका शिकलेल्या पाहुण्याने जुनं पुस्तक वाचून तिच्या नवऱ्याला सांगितलं, "हा प्रकार फार वाईट." पुस्तक खोटं नव्हतं, जुनं होतं. १९८७ मध्ये डेनिस स्लामन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्या गाठीत हर-टूच्या प्रती वाढलेल्या असतात त्यांचा आजार लवकर उलटतो आणि आयुष्य कमी असतं. म्हणजे तेव्हा ही खूण फक्त पुढचं भाकीत सांगायची. मग याच रिसेप्टरला पेशीच्या बाहेरूनच चिकटणारं ट्रास्टुझुमॅब तयार झालं, १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, आणि त्याच खुणेचा अर्थ पालटला. आज हर-टू पॉझिटिव्ह आणि वेळेत सापडलेला आजार असलेली बाई पुष्कळदा चांगली बरी होते. रिसेप्टर नुसतं भवितव्य सांगत नाही, त्यावर औषध निघालं की भवितव्यच बदलतं. हे समजल्यापासून मी कुणाच्याही रिपोर्टाला 'वाईट' म्हणणं सोडलं आहे.

खर्चाचं मात्र खरंच कठीण. हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, नेहमीच्या पद्धतीत वर्षभर. भारतात २०१४ पासून देशी कंपनीचं जैवसमान औषध मिळू लागलं, तशी किंमत उतरली. तरी ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि कोणत्या रुग्णालयात बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचं नाव जुळतंय का तेही आधीच बघावं. पूर्ण वर्ष झेपणार नसेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणी सांगावं. फिनलंडमध्ये नऊ आठवड्यांच्या आणि इंग्लंडमध्ये सहा महिन्यांच्या कोर्सचे अभ्यास झाले आहेत, त्यांचा आधार घेऊन डॉक्टर काही बायकांसाठी मधला मार्ग काढू शकतात. परवडत नाही म्हणून न सांगता गायब होणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

आणि टूडी इको. हे औषध हृदयाला दमवू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी लागते.

६. तीनही नसले तरी उपाय असतात

गल्लीतली मुलगी पस्तिशीच्या आतली. ट्रिपल निगेटिव्ह. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कर्करोगाच्या दहा बायकांत एक-दीड अशी असते. भारतात साधारण तीन, आणि त्यातही तरुण बायका बऱ्याच. गोळी नाही, हर-टूचं इंजेक्शन नाही, राहिली केमो. तिच्या आईने डोक्याला हात लावला होता. पण या प्रकाराची दुसरी बाजू अशी की तो केमोला पुष्कळदा चांगला विरघळतो. म्हणून बहुतेक वेळा केमो आधी देतात, ऑपरेशन नंतर. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कर्करोग उरलाच नसेल तर पुढची वाट बरीच सुकर.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने अशा बायकांच्या केमोत कार्बोप्लॅटिन हे जुनं, तुलनेने स्वस्त औषध मिसळून पाहिलं. पन्नास आणि त्याखालच्या वयाच्या बायकांत जगण्याचं प्रमाण त्याने वाढलं. डॉ. सुदीप गुप्ता यांनी हे निष्कर्ष २०२२ मध्ये परदेशातल्या परिषदेत मांडले. परदेशी महागड्या इंजेक्शनांच्या बातम्या सगळीकडे येतात, या अभ्यासाची आमच्याकडे एका ओळीनेही आली नाही.

अशा तरुण बाईने रक्तातून बीआरसीए जनुकाची तपासणी करून घ्यावी, कारण उत्तर तिच्या बहिणींनाही लागतं. स्तनाच्या कर्करोगाचं आनुवंशिकतेशी नातं आहे, हे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम करून फार आधी ओळखलं होतं. आमच्याकडे मात्र "आमच्या घराण्यात असलं काही नाही" म्हणून बहिणींची तपासणी टाळतात. मुलींची लग्नं व्हायची असतात ना.

७. पाच वर्षांचा हिशेब सगळ्यांना सारखा नाही

ट्रिपल निगेटिव्ह उलटायचा तर बहुतेक पहिल्या तीन ते पाच वर्षांत उलटतो, पुढे धोका झपाट्याने उतरतो. इआर पॉझिटिव्ह संथ असतो, पण चिवट. वीस वर्षांपर्यंत थोडा-थोडा धोका राहतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. म्हणून गल्लीतल्या मुलीने पाच वर्षं काढली की पेढे वाटावेत. मी वाटले नाहीत. दर वर्षी मॅमोग्राफी करते, आणि पाठीत सतत दुखलं तर वाताचं तेल चोळत बसत नाही.

८. लहान गाठीलाच या सगळ्याचा पुरता उपयोग

रिसेप्टरचं कौतुक कितीही केलं तरी मुठीएवढी फुटलेली गाठ घेऊन येणाऱ्या बाईला त्याचा फायदा अर्धाच मिळतो. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखावर बायकांत वीस वर्षं पाहणी केली. प्रशिक्षित आरोग्य सेविकेने ठरावीक काळाने हाताने स्तन तपासायचे, बस. आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, वीज नाही.

आमच्या जिल्ह्याला हे नवं नाही. बार्शी, भूम आणि परंडा या भागात १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. पुढे टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांत एक लाख तीस हजारांवर बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासात घेतलं. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी त्या आजाराचे मृत्यू निम्म्यावर आणते, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते आमच्या जिल्ह्यातल्या बायकांमुळे. ज्या जिल्ह्याने जगाला हे दिलं तिथल्या बायकांनी स्तनातली गाठ सहा-सहा महिने पदराखाली झाकून ठेवावी, याचा मला राग येतो. गाठ दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते.

९. ब्लॉक सांभाळा

तपासलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. रिपोर्टाचा कागद हरवला तर दुसरा मिळेल. ब्लॉक एकच असतो. तो प्रयोगशाळेकडे असतो, मागितला की सहसा मिळतो. का मागायचा? एक तर शंका आली की दुसरीकडे तपासता येतो. दुसरं म्हणजे औषधं बदलतात. २०२२ मध्ये आजार पसरलेल्या, पण हर-टू फक्त १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ असलेल्या बायकांतही एका नव्या औषधाचा फायदा दिसला. कालपर्यंत या बायका सरसकट निगेटिव्हमध्ये मोजल्या जात. आणि आजार उलटलाच, तर जुन्या रिपोर्टावर विसंबू नये. नव्या जागेचा तुकडा घेऊन तिन्ही तपासण्या पुन्हा करायला सांगावं, कारण रिसेप्टर बदलू शकतात.

ब्लॉक घेताना रिपोर्टावरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतोय का ते तिथेच पाहा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. मुंबईला टाटामध्ये किंवा बार्शीला जाणार असाल तर फाईलबरोबर ब्लॉक आणि स्लाईडही न्या. मोठ्या रुग्णालयात बाहेरच्या स्लाईड स्वतः पाहिल्याशिवाय उपचार सहसा ठरवत नाहीत, आणि त्या घरी विसरलेल्या बाईची एक फेरी हमखास वाया जाते.